भावपत्रकाचे वाचन : कंपन्यांच्या भागांचे जुने भाव आणि इतिहासलेखन

१

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास जी साधने अल्प सायासाने हाती येतात, त्यांत कंपन्यांच्या भागांचे जुने भाव हे एक प्रमुख साधन होय. दानपत्र वा बखर वाचावयास लिपीचे व भाषेचे ज्ञान लागते; भावपत्रकात केवळ नाव, तारीख व आकडा असतो, आणि आकडा सर्वांनाच वाचता येतो अशी आपली समजूत असते. या समजुतीमुळेच भावपत्रकाचे वाचन बहुधा चिकित्सेवाचून होते. पोथीतील एखाद्या शब्दाचा अर्थ लावताना तो कोणत्या काळी, कोणत्या प्रदेशात, कोणत्या संदर्भात आला हे पाहणारा अभ्यासक आकड्यापुढे मात्र निःशंक होतो. वस्तुतः आकडाही एका व्यवहाराच्या भाषेतील पद आहे. त्याच्या भोवतीची रूढी नाहीशी झाली की त्याचा अर्थही हरपतो.

प्रस्तुत लेखात मुंबईच्या बाजारातील आणि नाशिक परिसरातील काही कंपन्यांच्या उदाहरणांवरून जुने भाव कसे वाचावेत, त्यांवरून काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही, याचा विचार केला आहे. नाशिक येथे भागांचा स्वतंत्र बाजार नाही. तथापि या जिल्ह्यातील शेती, साखर, यंत्रे आणि द्राक्षे यांचा संबंध मुंबईच्या भावपत्रकाशी अनेक प्रकारे आलेला आहे. त्यामुळे हा प्रश्न येथील संशोधकास परका नाही.

२

मुंबईतील भागांच्या भावांचा विचार सन १८६३ ते १८६५ या काळापासून आरंभणे इष्ट आहे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले व तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव चढले, आणि मुंबईत अपूर्व असा पैशाचा ओघ आला. या पैशाच्या आधारावर बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६० च्या सुमारास भागांचे दलाल साठांच्या आसपास होते. तेजीच्या भरात त्यांची संख्या दोनशे ते अडीचशेपर्यंत गेली. प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) हे त्यांतील अग्रणी होत.

या काळाचे दोन आकडे सर्वत्र उद्धृत केले जातात. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला व पुढे दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बाँबेचा भाग २,८५० रुपयांवरून ८७ रुपयांवर उतरला. दुसऱ्या आकड्यातील घट शेकडा सत्त्याण्णव इतकी भरते. हे आकडे खोटे आहेत असे म्हणावयाचे कारण नाही. परंतु ते कोणत्या प्रकारचे भाव होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

त्या काळी पुष्कळ सौदे वायद्याचे असत. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने भाग घेण्याचा करार आज व्हावा, आणि पैसा त्या दिवशी द्यावा, अशी ही रीत होती. १ जुलै १८६५ हा अशाच अनेक वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली शरण गेला. युद्ध संपल्याची वार्ता मुंबईस येताच कापसाचे भाव कोसळले आणि जुलैच्या पहिल्या तारखेस देणे देण्यास असमर्थ अशा व्यापाऱ्यांची रांग लागली. दिवाळखोरीचा निकाल लावण्यासाठी सरकारला १८६५ चा अठ्ठाविसावा कायदा करावा लागला. याचा अर्थ असा की, वायद्याच्या भावातील पुष्कळ रक्कम कोणीही कोणास दिलेली नव्हती. शिखरावरील भावास भागांच्या एकूण संख्येने गुणून 'मुंबईची एवढी संपत्ती नष्ट झाली' असे विधान करणारा लेखक जी संपत्ती कधी अस्तित्वातच नव्हती तिच्या नाशाची नोंद करतो. एका भागाचा अखेरच्या सौद्यातील भाव हा त्या एका सौद्याचा पुरावा आहे. सर्व भागधारकांनी एकाच दिवशी विकावयाचे ठरविले असते तर तो भाव मिळाला नसता.

मात्र याच भावांचा एक परिणाम अगदी खरा होता. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बाँबेवरील काही जुनी बंधने सैल झाली आणि भागांच्या तारणावर कर्जे देण्याचा मार्ग मोकळा झाला. भाव चढला की तारणाची किंमत चढे. तारणाची किंमत चढली की अधिक कर्ज मिळे. ते कर्ज पुन्हा भागखरेदीत जाई व भाव आणखी चढे. भाव उतरू लागताच हेच चक्र उलटे फिरले. १८४० साली स्थापन झालेली ही बँक १८६८ साली बुडाली, तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक निघाली, आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. येथे भाव हा घटनेचा आरसा नसून घटनेचे एक कारण आहे. भावांच्या मालिकेकडे केवळ परिणामांची नोंद म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हातून ही गोष्ट निसटते.

या काळाविषयीचे आपले बरेचसे ज्ञान दिनशा वाच्छा यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथावर आधारलेले आहे. वाच्छा यांचा जन्म १८४४ चा. अर्थात तेजीच्या वेळी ते विशीतील तरुण होते, आणि ग्रंथ लिहिला तो पंचेचाळीस वर्षांनी. प्रत्यक्षदर्शीचे स्मरण म्हणून तो अमोल आहे. तरीही एखाद्या विशिष्ट दिवसाच्या भावासाठी त्या दिवसाचे वृत्तपत्र हेच श्रेष्ठ साधन मानावयास हवे.

३

याच काळात नाशिक जिल्ह्यातून जाणाऱ्या एका कंपनीच्या भागांकडे पाहिले म्हणजे वरील विवेचनास पूरक असा विरोध दिसतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीस १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने अस्तित्व आले. १६ एप्रिल १८५३ रोजी तिची पहिली गाडी धावली. आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटाचा चढ वाहतुकीस खुला झाल्याने मुंबई व इगतपुरी-नाशिक यांमधील लोहमार्ग अखंड झाला. बॅक बेच्या भागांवर मुंबई वेडावली होती त्याच हिवाळ्यातील ही घटना आहे. कोणता उद्योग देशाच्या दृष्टीने अधिक चिरस्थायी ठरला हे आज सांगावयास नको. परंतु रेल्वेच्या भागांस बॅक बेसारखी झेप घेण्याचे कारणच नव्हते, कारण गुंतविलेल्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. अशा भागाचा भाव कंपनीच्या कर्तृत्वापेक्षा व्याजाच्या प्रचलित दराशी व सरकारच्या पतीशी अधिक निगडित असतो. तो भाव स्थिर राहिला यावरून रेल्वेचा कारभार उत्तम होता असे अनुमान काढणे जितके चुकीचे, तितकेच तो चढला नाही यावरून रेल्वे निरुपयोगी होती असे म्हणणेही चुकीचे. हमीचा हा भार अखेरीस हिंदी करदात्यावर पडे. तो भार कोणत्याही भावपत्रकात लिहिलेला नाही.

भावपत्रकात न उमटणारी दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कापसाच्या तेजीत दख्खनमधील शेतकऱ्यास सावकाराकडून कर्ज सुलभतेने मिळाले. मंदीत तेच कर्ज त्याच्या गळ्यास फास झाले. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत जे दंगे उसळले त्यांच्या कारणांत वाढलेला सारा, उतरलेले भाव व साचलेले कर्ज ही एकत्र गुंफलेली आहेत. योगायोग असा की, त्याच १८७५ साली मुंबईच्या दलालांनी आपला संघ स्थापन केला व त्यातून पुढे मुंबईचा शेअरबाजार उभा राहिला. एकाच आर्थिक उत्पाताची दोन टोके एकाच वर्षी दिसतात. पहिल्याची नोंद दंगा आयोगाच्या अहवालात आहे व दुसऱ्याची बाजाराच्या दप्तरात. केवळ दुसरे दप्तर वाचणाऱ्यास या उत्पाताचा अर्धाच इतिहास कळेल.

४

आता प्रत्यक्ष आकडा वाचण्याच्या रीतीकडे वळू. प्रथम नाण्याचा प्रश्न. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे व आण्याचे बारा पै होते. त्यामुळे जुन्या पत्रकातील '१८७-८-०' हा भाव दशमान पद्धतीने १८७.५० होतो; घाईने वाचणारा तो १८७.८० असा टिपून घेतो. अशा एकेका चुकीचे मोल अल्प असले तरी शेकडो नोंदींच्या मालिकेत ती चूक सर्वत्र एकाच जातीची नसल्याने नंतर शोधून काढणे दुष्कर होते. शिवाय १८६५ चा रुपया म्हणजे १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेले नाणे होते. त्याची आजच्या रुपयाशी सरळ तुलना केल्यास तीतून काहीच निष्पन्न होत नाही; तुलना करावयाची तर त्या काळच्या मजुरीशी, धान्याच्या भावाशी वा व्याजाच्या दराशी करावी.

दुसरा प्रश्न भागाच्या जातीचा. टाटा आयर्न अँड स्टील कंपनी १९०७ साली स्थापन झाली तेव्हा तिचे भाग तीन जातींचे होते : पंचाहत्तर रुपयांचे सामान्य, दीडशे रुपयांचे अग्रहक्काचे व तीस रुपयांचे उत्तराधिकारी. शेवटच्या जातीच्या भागांस इतरांचा हिस्सा दिल्यावर उरलेल्या नफ्यातून वाटा मिळे; म्हणून नफा थोडा वाढला तरी त्यांचा भाव फार चढे व थोडा घटला तरी फार उतरे. या तीन जातींचे भाव एका मालिकेत मिसळणे म्हणजे तीन निरनिराळ्या ग्रंथांतील ओळी एकत्र करून एक संहिता तयार करण्यासारखे आहे. याखेरीज भागाची दर्शनी किंमत किती, तिच्यापैकी भरणा किती झालेला, आणि दिलेला आकडा संपूर्ण किमतीचा की केवळ अधिमूल्याचा, हे प्रत्येक पत्रकात स्वतंत्रपणे पडताळावे लागते.

तिसरा प्रश्न भागांच्या संख्येतील बदलाचा. कंपनीने प्रत्येक भागामागे एक बक्षीसभाग दिला तर चारशे रुपयांचा भाव हिशेबाने दोनशेवर येतो. भागधारकाकडे मात्र दोन भाग असतात व त्याची मत्ता तेवढीच राहते. हक्कभागांचा हिशेब किंचित अवघड आहे. दोनशे रुपये भावाच्या चार भागांमागे शंभर रुपयांस एक नवा भाग घेण्याचा हक्क मिळाला, तर आठशे व शंभर मिळून नऊशे रुपये पाच भागांवर वाटले जातात व भाव एकशे ऐंशीवर येतो. येथे वीस रुपयांची घट ही हानी नव्हे. तिसरा प्रकार विभाजनाचा : टाटा स्टीलने २०२२ च्या जुलैमध्ये दहा रुपयांचा भाग एक रुपयाच्या दहा भागांत विभागला, तेव्हा हजाराच्या जवळपास असलेला भाव शंभराच्या जवळपास आला. ही नोंद ठाऊक नसलेला भावी अभ्यासक त्या महिन्यात पोलाद-उद्योगावर कोणते अरिष्ट आले याचा शोध घेत बसेल.

हा दोष टाळण्यासाठी आज संगणकावर मिळणाऱ्या मालिकांत मागील सर्व भाव नव्या संख्येनुसार सुधारून दिलेले असतात. काही मालिकांत लाभांशही वजा केलेला असतो. गुंतवणुकीवर एकंदर किती प्राप्ती झाली हे काढावयाचे तर अशी सुधारित मालिकाच घ्यावी लागते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट विसरता कामा नये : सुधारित मालिकेतील जुना भाव हा कोणीही कधीही न दिलेला भाव आहे. वीस वर्षांपूर्वी एखाद्या शिक्षकाने एक भाग घेण्यास किती महिन्यांची बचत लागली असती, हा प्रश्न विचारावयाचा असेल तर मूळ भावच हवा. पोथीच्या संपादकाने सुधारलेला पाठ व मूळ पाठ ही दोन्ही जपावीत, कोणता कोठे वापरला हे सांगावे, असा जो दंडक आहे तोच येथेही लागू पडतो.

'बंद भाव' या पदाचा अर्थही स्थिर नाही. मुंबईच्या बाजारात १९९५ पर्यंत सौदे रिंगणात तोंडी होत. दिवसअखेरचा भाव म्हणजे नोंदला गेलेला अखेरचा सौदा. संगणकीय व्यवहार आल्यावर अखेरच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी बंद भाव म्हणून घेण्याची रीत पडली. तसेच 'बदला' हा शब्द. मराठीत त्याचा रूढ अर्थ सूड. बाजारात मात्र सौदा पुढील मुदतीस ढकलण्यासाठी द्यावयाचा आकार. ही पद्धती २००१ च्या जुलैपासून बंद झाली. तीपूर्वीचे व तीनंतरचे भाव एका रेषेने जोडताना बाजाराची घडणच बदलली होती हे ध्यानात ठेवले पाहिजे.

५

नाशिक परिसरातील तीन उदाहरणांनी हा विचार अधिक स्पष्ट होईल.

सातपूरच्या कारखान्यास नाशिककर अद्यापि 'मायको' म्हणतात व त्र्यंबक रस्त्यावरील चौकही त्याच नावाने ओळखतात. मोटर इंडस्ट्रीज कंपनी हे १९५१ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीचे मूळ नाव. २००८ च्या जानेवारीत ते बॉश लिमिटेड असे झाले. जुन्या पत्रकात 'बॉश' शोधणाऱ्यास काही सापडणार नाही, व नव्या पत्रकात 'मोटर इंडस्ट्रीज' शोधणारा कंपनी बुडाली असे समजेल. लोकभाषेने जपलेले नाव येथे संशोधकास दप्तरापर्यंत नेऊन पोचविते.

मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३३ साली रावळगाव शुगर फार्म ही कंपनी काढली. पुढे १९४२ पासून तिने गोळ्या-मिठाईचा उद्योग केला. २०२४ च्या फेब्रुवारीत तिने आपल्या मिठाईची बोधचिन्हे, कृती व तत्संबंधी हक्क रिलायन्स समूहातील कंपनीस सत्तावीस कोटी रुपयांस विकले. जमीन, इमारती व यंत्रे तिच्याकडेच राहिली. त्या तारखेच्या आधीचा व नंतरचा भाव एकाच नावाखाली येतो, पण नावाने निर्दिष्ट होणारी वस्तू निराळी झाली आहे. आधी तो चालत्या उद्योगाचा भाव होता. नंतर तो मुख्यतः उरलेल्या मालमत्तेचा व तिच्याविषयीच्या अपेक्षेचा भाव झाला. शब्द तोच राहून अर्थ पालटावा, तसा हा प्रकार आहे.

तिसरे उदाहरण सुला विनयार्ड्सचे. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत १९९९ साली आरंभ झालेल्या या कंपनीचे भाग डिसेंबर २०२२ मध्ये लोकांस विकावयास निघाले. भाव ३५७ रुपये ठरला व सुमारे ९६० कोटी रुपयांचे भाग विकले गेले. २२ डिसेंबर २०२२ रोजी बाजारात त्यांचे व्यवहार सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी दिवसअखेर भाव विक्रीच्या किमतीखाली होता. २०२४ च्या आरंभी तो सहाशेच्या वर गेला. २०२५ मध्ये पुन्हा ३५७ च्या खाली आला. भविष्यात कोणी नाशिकच्या द्राक्ष-उद्योगाचा इतिहास लिहू लागेल तेव्हा या ९६० कोटींवरून तेवढे भांडवल या भूमीत आले असे लिहिण्याचा मोह त्यास होईल. ते असत्य ठरेल; कारण ही विक्री सर्वस्वी जुन्या भागधारकांनी केलेली होती, कंपनीने नवे भाग काढलेच नव्हते. पैसा विकणाऱ्यांकडे गेला. नव्या वेली त्यातून लागल्या नाहीत. तसेच सहाशेच्या भावावरून द्राक्ष-उत्पादक सुखी होता किंवा तीनशेच्या भावावरून तो संकटात होता, असे काहीही सिद्ध होत नाही. त्यासाठी द्राक्षाचा भाव, पाऊस, अबकारी धोरण आणि करारशेतीची कागदपत्रे पाहावी लागतील.

६

एका कंपनीच्या भावाचा अर्थ लावताना संपूर्ण बाजाराशी त्याची तुलना करणे आवश्यक असते. एरव्ही सर्वसाधारण भरतीस एका नावेचे कर्तृत्व समजले जाते. या कामी मुंबई बाजाराचा तीस कंपन्यांचा निर्देशांक उपयोगी आहे. त्याचे आधारवर्ष १९७८-७९ असले तरी तो २ जानेवारी १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. अर्थात त्यापूर्वीचे आकडे मागाहून काढलेले आहेत, त्या काळच्या कोणाही गुंतवणूकदारास ते ठाऊक नव्हते. शिवाय या तीस नावांत वेळोवेळी बदल होतो. खालावलेली कंपनी बाहेर जाते व वाढलेली आत येते. म्हणून आजच्या तीस कंपन्यांचे जुने भाव काढून 'भाग घेऊन थांबणारा सदैव तरतो' असा सिद्धांत मांडणे म्हणजे जिवंत राहिलेल्या सैनिकांची साक्ष घेऊन लढाईत कोणी मरत नाही असे ठरविणे होय. बॅक बे कंपनीचा आजचा भाव कोणत्याही मालिकेत नाही, कारण ती कंपनीच नाही. तिच्या भागधारकांचा शोध घ्यावयाचा तर दिवाळखोरीचे निवाडे व विसर्जनाची कागदपत्रे वाचावी लागतात.

यावरून जुन्या भावांचा उपयोग मर्यादित आहे असे मात्र नव्हे. एखादी वार्ता बाजारात कधी पोचली, तिला लोकांनी किती महत्त्व दिले, कोणत्या धोक्याची चाहूल कोणास आधी लागली, हे भावांच्या दिनवार मालिकेवरून जितक्या काटेकोरपणे दिसते तितके अन्य साधनांवरून क्वचितच दिसेल. मागाहून लिहिलेल्या आठवणींत सर्वांनाच पुढचे दिसत असते. त्या दिवशीच्या भावात मात्र त्या दिवसाचे अज्ञानही नोंदलेले असते. इतिहासकारास भावपत्रकाचे खरे मोल हे आहे. लोकांना काय ठाऊक होते याबरोबरच काय ठाऊक नव्हते हेही ते सांगते. १८६५ च्या आरंभी बॅक बेचा भाग मोठ्या अधिमूल्याने घेणारा माणूस मूर्ख होता असे आज म्हणणे सोपे आहे. त्यास त्या दिवशी जेवढे दिसत होते तेवढेच डोळ्यांपुढे ठेवून त्याच्या निर्णयाचा विचार करणे कठीण आहे.

म्हणून या साधनाचा उपयोग करणाऱ्याने आकड्याबरोबर त्याची कुळकथा टिपून ठेवावी : तारीख, मूळ पत्रक, भागाची जात व भरणा, सौदा रोखीचा की वायद्याचा, लाभांशासह की लाभांशाविना, मूळ की सुधारित, आणि त्या दिवशी किती भागांचे व्यवहार झाले. एवढी माहिती नसेल तेथे आकडा निराधार आहे असे समजून त्यावर अनुमान उभारू नये. नाशिक जिल्ह्यातील उद्योगांच्या जुन्या अहवालांचे गठ्ठे अनेक घरांच्या माळ्यांवर व कार्यालयांच्या कपाटांत पडून आहेत. भागधारकांना पाठविलेली पत्रे, लाभांशाच्या पावत्या, कापून ठेवलेली भावांची कात्रणे त्यांत असतात. संगणकीय मालिकेत न सापडणारी ही कुळकथा त्या कागदांतच आहे. ते कागद रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची सूची होणे अगत्याचे आहे.